महर्षी अण्णासाहेब कर्वे : स्वावलंबनाची वाट

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना झाली तेव्हा आमच्या मनात पहिले नाव आले ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. त्याला कारण आहे. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसांची मंडळे गणेशोत्सव, नाटक, हळदीकुंकू यांच्या जोडीला अडल्यानडल्यांना मदत करण्याचे कामही यथाशक्ती करीत असतात. कोणाचे दुखणे लांबते, कोणाच्या मुलाची फी भरावयाची राहते, एखाद्या घरचा कर्ता पुरुष अकाली जातो. वर्गणी गोळा होते, रक्कम पोहोचती केली जाते, आणि काही महिन्यांनी तेच घर पुन्हा त्याच अडचणीत उभे असलेले दिसते. देणाऱ्याच्या मनात मग एक बोच राहते की, आपण दिले ते खरे, पण त्या घराचे भले झाले काय? अण्णासाहेबांनी आपल्या एकशेचार वर्षांच्या आयुष्यातील निम्म्याहून अधिक काळ या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात घालविला. ते उत्तर त्यांना एकदम सापडले नाही, आणि स्वस्तातही पडले नाही. म्हणून त्यांचे चरित्र पुन्हा एकदा आठवावेसे वाटते.

अण्णासाहेबांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे आजोळी झाला. घर दापोली तालुक्यातील मुरूडचे. वडील केशवपंत, आई लक्ष्मीबाई. घराण्याने एकेकाळी चांगले दिवस पाहिले होते. पण धोंडूच्या वाट्याला आली ती गरिबी. या घरची एक गोष्ट पुढील सर्व चरित्राच्या मुळाशी आहे असे आम्हांस वाटते. बडोद्याच्या दरबारातून ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असल्याची वार्ता कोकणात पोहोचली, आणि आपणही जाऊन ती आणावी असे घरातील मुलांच्या मनात आले. त्या काळी यात कोणाला कमीपणा वाटत नसे. घरात पैशाची नड तर होतीच. परंतु आईने साफ नकार दिला. कष्ट न करता मिळणारा पैसा आपल्या घरात यावयाचा नाही, हा तिचा निश्चय होता. दुसऱ्यासाठी आयुष्यभर घरोघर हात पसरणाऱ्या अण्णांनी स्वतःसाठी मात्र तो कधी पसरला नाही. त्याचे बाळकडू त्यांना या माउलीकडून मिळाले होते.

शिक्षणासाठी त्यांनी सोसलेले कष्ट प्रसिद्ध आहेत. 1875 साली मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते काही सोबत्यांबरोबर मुरूडहून निघाले. समुद्र खवळलेला असल्याने मुंबईचा मार्ग बंद होता, म्हणून कुंभार्ली घाट चढून साताऱ्यास पायी जाण्याचे ठरले. शंभर मैलांहून अधिक अंतर, भर पावसाळ्याचे दिवस, रानातली वाट. परीक्षेस कसेबसे वेळेवर पोहोचले, तर अंगाने किरकोळ असलेला हा मुलगा ठरलेल्या वयाचा दिसत नाही, असे म्हणून परीक्षकांनी त्यांना बसूच दिले नाही. आले तसे परत फिरावे लागले. पुढल्या वर्षी कोल्हापुरास जाऊन ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. मॅट्रिक होण्यास 1881 साल उजाडले. तेव्हा त्यांनी तेविसावे वर्ष ओलांडले होते. 1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. या काळात शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागविला.

पदवी मिळाल्यावर ते मुंबईत शिक्षकाचे काम करू लागले. दिवस उजाडण्यापूर्वी शिकवण्यांना सुरुवात होई, ती रात्रीपर्यंत चाले. मिळकत बरी होती. पण ती एकट्या कुटुंबासाठी नव्हती. कोकणातून शिकावयास आलेली होतकरू मुले त्यांच्या बिऱ्हाडी राहत. नात्यातील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे त्यांतलेच एक. 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन ज्यांनी हिंदुस्थानचे नाव उजळले, ते रँग्लर परांजपे मुंबईस शिकत होते तेव्हा या घराच्या आधाराने उभे होते. याच सुमारास, 1886 साली, अण्णांनी मुरूड फंड सुरू केला. गावाबाहेर पडून चार पैसे मिळवू लागलेल्या मुरूडकरांनी थोडे थोडे बाजूस काढावे आणि त्यातून गावाच्या उपयोगाची कामे करावी, अशी ती योजना होती. परगावी राहणाऱ्यांनी एकत्र येऊन काही करावे, हा आपल्या मंडळाचाही पाया आहे. म्हणून मुरूड फंडाचा हा उल्लेख मुद्दाम केला.

1891 हे साल अण्णांच्या आयुष्यास वळण देणारे ठरले. पत्नी राधाबाई त्या वर्षी निवर्तल्या. रघुनाथ हा मुलगा लहान होता. त्याच वर्षी नामदार गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यासाठी आले, आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन 1914 पर्यंत तेथेच राहिले. आजीव सभासदाचे वेतन महिना पंचाहत्तर रुपये. तिशी उलटून गेलेला विधुर प्राध्यापक म्हटल्यावर मुलींचे पालक दाराशी येऊ लागले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दहाबारा वर्षांची मुलगी सहज मिळाली असती. अण्णांनी मात्र ठरविले की, लग्न केले तर विधवेशीच करावयाचे. पुरुषाला दुसऱ्या लग्नाची मोकळीक आणि आठ वर्षांच्या विधवेला जन्माची कोंडी, हा अन्याय बोलून दाखविणारे पुष्कळ होते. स्वतःच्या घरापासून सुरुवात करण्याची तयारी फार थोड्यांची होती.

त्यांचे मुंबईचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई ही बालविधवा होती. देवरुखच्या या मुलीचे आठव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच कपाळ पुसले गेले. ऐन उमेदीची वर्षे सासरच्या कामात गेली. पुढे भावाने तिला मुंबईस आणले, आणि पंडिता रमाबाईंनी 1889 साली शारदासदन काढले तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात हा पुनर्विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पण घरीदारी त्यांना सर्वजण बायाच म्हणत. मुरूडच्या गावकऱ्यांनी सभा भरवून बहिष्कार घातला. ज्या गावासाठी अण्णांनी फंड उभा केला होता त्या गावात त्यांना पंक्तीस घेणारा कोणी उरला नाही. स्वतःच्या आईलाही उघडपणे मुलाला घरात घेता येईना. हा घाव अण्णांनी निमूटपणे सोसला. रागावून गाव सोडले नाही, आणि गावाची मनधरणीही केली नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. दोन वर्षांनी तिचे नाव बदलून विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी असे केले. नावातला हा फरक लहान वाटेल. पण अण्णांच्या विचाराची दिशा त्यात दिसते. विधवांनी लग्न करावेच असा आग्रह धरण्यापेक्षा, ज्यांना करावयाचे आहे त्यांच्या वाटेतील अडसर दूर करावे, एवढेच आता त्यांना अभिप्रेत होते. गावोगाव हिंडताना त्यांच्या ध्यानात आले होते की, पुनर्विवाहाने सुटणाऱ्या विधवा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. कोणी मुलेबाळे असलेल्या, कोणाचे वय झालेले, कोणाच्या मनाला दुसरे लग्न रुचत नाही, कोणाच्या माहेरची माणसे तयार नसतात. शिवाय खोलवर पाहिले तर एक वेगळाच प्रश्न समोर येई. विधवेचे दुःख केवळ नवरा गेल्याचे नव्हते. अंगी कसलेच शिक्षण नसल्याने भाऊ, दीर, सासरा, जो कोणी दोन घास घालील त्याच्या तोंडाकडे पाहत तिला जन्म काढावा लागे. तिला दुसरा नवरा मिळवून दिला तर आधार बदलेल, परंतु उद्या तोही गेला तर ती पुन्हा जेथल्या तेथेच. तिच्या स्वतःच्या अंगी काही आले पाहिजे, तिला लिहितावाचता, शिकविता, शुश्रूषा करता आली पाहिजे. मग तिने लग्न करावे की न करावे हे तिचे तिने ठरवावे. या विचारापाशी येऊन पोहोचावयास अण्णांना तीन वर्षे लागली. आणि एकदा पोहोचल्यावर ते मागे फिरले नाहीत.

14 जून 1896 रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तिचे अध्यक्ष. अण्णांनी आपल्याजवळची शिल्लक एक हजार रुपये पहिली देणगी म्हणून दिली. आश्रमाचे काम प्रथम पुण्यातच सुरू झाले. परंतु प्लेगने शहर ओस पाडले, तेव्हा 1900 साली आश्रम शहराबाहेर हिंगण्यास हलविण्यात आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथील सहा एकर जमीन दिली होती. माळरान, आसपास वस्ती नाही, आणि त्यावर उभारलेली एक झोपडी. आज कर्वेनगर या नावाने गजबजलेल्या भागाचा तो आरंभ.

अण्णा दिवसभर कॉलेजात शिकवीत. संध्याकाळी सुमारे चार मैल चालत हिंगण्यास जात, रात्री मुलींना शिकवीत, आणि सकाळी पुन्हा तीच वाट तुडवून कॉलेजात हजर होत. रस्ता म्हणावा असा नव्हताच. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. हा क्रम दोनचार दिवसांचा नव्हता, कित्येक महिने चालला. सुटी लागली की झोळी घेऊन बाहेर पडावयाचे, आणि गावोगाव वर्गणी मागावयाची. रुपया देणाऱ्याचे जितके आभार, तितकेच आणा देणाऱ्याचे. पै न् पैचा हिशेब छापला जाई. मोठा वक्ता, रुबाबदार देह, आवाजात जरब यांपैकी काहीही या माणसापाशी नव्हते. लोकांना दिसे ती त्यांची सचोटी, आणि कितीही वेळा परत पाठविले तरी न रागावता पुन्हा येण्याची चिकाटी.

आश्रमात आलेल्या विधवेची कीव करणे ही तेथली रीत नव्हती. तिला कामाला आणि अभ्यासाला लावले जाई. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षी पदरात एक मुलगा घेऊन त्या विधवा झाल्या. माहेरी राहिल्या असत्या तर स्वयंपाकघराच्या बाहेरचे जग त्यांना दिसले नसते. त्या बहिणीकडे पुण्यास आल्या, आणि मुलगा ज्या वयात शाळेत जातो त्या वयात आईनेही मुळाक्षरांनंतरचे शिक्षण आरंभिले. पुढे त्या आश्रमात शिक्षिका झाल्या, कारभार पाहू लागल्या. सभेत चार शब्द बोलण्याची भीती मोडून त्या गावोगाव निधी जमवू लागल्या. केशवपनाची रूढी त्यांनी विचारपूर्वक सोडली. 1918 साली, इंग्रजीची तोंडओळख करून घेण्यासाठी आणि आश्रमास मदत मिळविण्यासाठी, ही कोकणातली बाई एकटी अमेरिकेस गेली. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी दिवस काढले, आणि 1920 साली त्या परत आल्या. जिला आधार द्यावा म्हणून आश्रमाने जवळ केले, तीच आश्रमाचा आधारस्तंभ झाली. वेणूबाई नामजोशी आणि काशीबाई देवधर याही अशाच. आश्रमाची पहिली पिढी ज्यांनी घडविली त्या स्त्रिया बाहेरून आलेल्या उपकारकर्त्या नव्हत्या. त्या स्वतः ते दुःख भोगून उभ्या राहिलेल्या होत्या.

येथपर्यंतची हकीकत सर्वांना गोड वाटते. परंतु तिला दुसरी बाजू आहे, ती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. शारदासदनातील काही विधवांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याने पुण्यातील समाज बिथरला होता. मुलीला आश्रमात पाठविण्यापूर्वी पालक दहादा विचार करीत. अशा पालकांचा विश्वास बसावा म्हणून अण्णांनी पुनर्विवाहाच्या चळवळीशी आश्रमाचा संबंध ठेवला नाही. तत्त्व म्हणून हे समजण्यासारखे होते, पण त्याचा फटका कोणाला बसला? त्यांच्या स्वतःच्या पत्नीला. बाया पुनर्विवाहित, त्यांचा वावर आश्रमात दिसला तर लोक दचकतील, म्हणून आरंभीच्या काळात त्यांना आश्रमापासून दूर राहावे लागले. नवरा ज्या कामासाठी घरदार विसरला त्या कामाच्या उंबरठ्याबाहेर बाया उभ्या होत्या, आणि त्याही विधवेचे जिणे जगून आलेल्या.

पैशाच्या बाबतीतही तेच. शिल्लक आश्रमाला, सुटी आश्रमाला, आणि पुढे आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही आश्रमाला. चार मुलांचा संसार हाकणाऱ्या स्त्रीला हे कसे वाटले असेल? बायांनी आपल्या आठवणी पुढे सांगितल्या. त्या ‘माझे पुराण’ या नावाने पुस्तकरूपाने निघाल्या, आणि त्यात त्यांनी आपली नाराजी लपविलेली नाही. परंतु त्या रडत बसल्या नाहीत. नागपुरास जाऊन त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले, घरात अनेक मुलांचे आणि अडलेल्या स्त्रियांचे केले, आणि कालांतराने त्यांनीही आश्रमासाठी दारोदार जाऊन वर्गणी जमविली. अण्णांनी स्वावलंबनाचा मंत्र जगाला दिला असे आपण म्हणतो. तो घरातल्या घरात, कोणी न शिकविता, बायांनी आचरून दाखविला. 1950 साली त्या निवर्तल्या. अण्णांचा गौरव करताना त्यांच्या वाट्याचा गौरव निराळा काढून ठेवला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आश्रम स्थिर झाल्यावर अण्णांच्या मनाने पुढचा टप्पा गाठला. विधवांप्रमाणेच कुमारिकांनाही शिक्षण हवे. मुलगी आधीच शिकलेली असेल तर पुढे तिच्यावर कोणताही प्रसंग ओढवला तरी ती लाचार होणार नाही. म्हणून 1907 साली महिला विद्यालय निघाले. या संस्थांना आजन्म वाहून घेणारे सेवक मिळावेत यासाठी 1908 साली निष्काम कर्ममठ स्थापन झाला. 1915 साली मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद अण्णांकडे आले. भाषणाची तयारी करताना त्यांना आठवण झाली ती टपालाने आलेल्या एका पुस्तिकेची. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी ती पुस्तिका काशीच्या बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी पाठविलेली होती, हे पुढे कळले. काशीतून एक पुस्तिका पुण्यास आली, आणि तिच्यातून हिंदुस्थानातील पहिल्या महिला विद्यापीठाची कल्पना अण्णांच्या डोक्यात रुजली. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, सरकारी नोकरीतील माणसे पेन्शनीत निघतात त्या वयात, त्यांनी हे काम शिरावर घेतले.

3 जून 1916 रोजी महिला विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. भांडारकर कुलपती आणि रँग्लर परांजपे कुलगुरू. मुंबईच्या बिऱ्हाडात ज्याला आसरा दिला तोच मुलगा विद्यापीठाच्या मस्तकी येऊन बसला. शिक्षण मातृभाषेतून द्यावयाचे, हा या विद्यापीठाचा विशेष. आरंभी विद्यार्थिनी अगदी मोजक्या होत्या. अण्णा पुन्हा झोळी घेऊन निघाले, या वेळी निरनिराळ्या प्रांतांतून. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली, आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ झाले. 1936 साली त्याचे मुख्य ठाणे मुंबईस गेले आणि 1951 साली त्यास कायद्याने मान्यता मिळाली. मान्यतेविना पस्तीस वर्षे विद्यापीठ चालविणे म्हणजे काय, हे सरकारी कचेरीत कागद पुढे सरकण्याची वाट पाहिलेल्या आमच्यासारख्यांना अधिक चांगले कळते.

या विद्यापीठावर टीकाही झाली. गृहजीवनाशी जुळणारा अभ्यासक्रम ठेवून अण्णांनी स्त्रियांना दुय्यम शिक्षण दिले, असे काही सुधारक म्हणत. टीकेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. अण्णांचा स्वभाव समाजाला ओढत नेण्यापेक्षा त्याच्या बरोबरीने, पण एक पाऊल पुढे, चालण्याचा होता. ज्या मुलीला घरचे लोक शाळेतच पाठविणार नाहीत तिच्यासाठी उत्तम अभ्यासक्रम आखून काय उपयोग, असा त्यांचा व्यवहारी विचार होता. आधी तिला दाराबाहेर पडू द्यावे. पुढची वाट ती स्वतः काढील. पुढच्या पिढ्यांतील स्त्रियांनी ती काढलीही.

1929 साली, एकाहत्तराव्या वर्षी, अण्णा जगाच्या प्रवासास निघाले. युरोपातील शिक्षण परिषदांना हजर राहून, बर्लिनमध्ये आइन्स्टाइनची भेट घेऊन, अमेरिकेतून ते जपानला पोहोचले, आणि ज्या विद्यापीठाची माहिती त्या पुस्तिकेत वाचली होती ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. परतल्यावर त्याच वर्षअखेरीस, म्हणजे 1930 च्या डिसेंबरात, ते आफ्रिकेस गेले आणि 1932 पर्यंत तेथे हिंडले. या वेळी बाया त्यांच्याबरोबर होत्या. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबारपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत स्थायिक झालेल्या भारतीयांच्या घरी जाऊन त्यांनी विद्यापीठासाठी निधी जमविला. घरापासून दूर गेलेल्या माणसाला मायदेशासाठी काही करण्याची ओढ असते, हे मुरूड फंडाच्या दिवसांपासून अण्णा ओळखून होते.

त्यानंतर तरी विसावा घ्यावा की नाही? 1936 साली, खेड्यापाड्यांत शाळा नाहीत म्हणून, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा म्हातारा पुण्याच्या रस्त्यांवरून पुन्हा दारोदार वर्गणी मागू लागला. 1944 साली जातिभेद नाहीसा व्हावा या हेतूने समता संघ स्थापन केला. विधवा, मग कुमारिका, मग खेड्यातील मूल, मग जातीने खाली ढकललेला माणूस असे त्यांच्या कामाचे वर्तुळ वाढत गेले. रीत मात्र सर्वत्र एकच राहिली. ज्याला उचलावयाचे त्याच्या अंगी बळ आणावयाचे, आणि मग आपण बाजूस व्हावयाचे.

मानसन्मान आले ते अखेरच्या काळात. 1955 साली पद्मविभूषण आणि 1958 साली भारतरत्न. 18 एप्रिल 1958 रोजी त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या उपस्थितीत त्यांचा सत्कार झाला, आणि भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. ज्या मुरूडने त्यांना वाळीत टाकले होते त्या मुरूडचे नाव देशभर झाले ते त्यांच्यामुळेच. 9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला.

अण्णांच्या चरित्रातून आपल्यासारख्या मंडळांनी काय घ्यावे? विद्यापीठ काढण्याची ताकद आपल्यापाशी नाही, आणि कोणी तशी अपेक्षाही करीत नाही. परंतु मदतीचा प्रश्न समोर येतो तेव्हा एक साधी चौकशी आपण करू शकतो. या घरातील कोणाला काय येते, काय शिकविता येईल, आणि ते शिकण्यास जेवढे दिवस लागतील तेवढे दिवस आपण त्या घराच्या पाठीशी उभे राहू काय? नवरा गेलेल्या भगिनीस शिवणयंत्र घेऊन देणे सोपे. तिला शिवण शिकवून पहिले गिऱ्हाईक मिळेपर्यंत धीर देणे कठीण. मुलाची एका वर्षाची फी भरणे सोपे. त्याला घरी बोलावून वर्षभर गणित शिकविणे कठीण. अण्णांनी नेहमी दुसरा मार्ग निवडला, म्हणून त्यांना चार मैलांची ती पायपीट चुकली नाही.

आणि बायांचेही स्मरण ठेवावे. जगाची सेवा करताना घरच्या माणसाच्या पदरात काय पडते, हे पाहणे हाही त्या सेवेचाच भाग आहे. मंडळाची कामे उत्साहाने अंगावर घेणाऱ्या आम्हां पुरुषमंडळींना हे विशेष करून सांगण्याची गरज आहे. आणि ते सांगताना आम्ही स्वतःला त्यातून वगळलेले नाही.

पुढील पन्नास वर्षांत आपल्या मंडळाच्या मदतीने उभा राहिलेला एखादा मुलगा किंवा मुलगी याच मंडळाच्या कार्यकारिणीत येऊन बसावी, आणि दुसऱ्या कोणास हात द्यावा, असे घडले तर या सुवर्णमहोत्सवाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. हिंगण्याच्या माळावर पार्वतीबाईंच्या रूपाने अण्णांना ते पाहावयास मिळाले होते.